साडूंची सात कार्डं

माणसाला वैरी नसला तरी चालतो. एक साडू असला म्हणजे पुरे. वैऱ्याशी आपली तुलना कोणी करत नाही. साडूशी रोज होते, आणि ती करणारी व्यक्ती आपल्याच ताटात भाजी वाढत असल्यामुळे उलट उत्तर देण्याचीही सोय नसते.

आमचे साडू मार्केटिंगमध्ये आहेत. म्हणजे होते. म्हणजे पुन्हा आहेत, असं म्हणायलाही हरकत नाही. हा आहेत-होते-आहेतचा हिशोब एकदा जुळवून पाहावा म्हणून लिहायला बसलो आहे. मी बँकेत कारकून. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर आम्हाला घर सुचत नाही. दहा रुपयांच्या फरकासाठी दोन तास बसणारी आमची जमात. तेव्हा घरातल्याच एका माणसाच्या वीस वर्षांचा ताळा लागत नसताना मला झोप कशी यावी?

पुरावा म्हणून माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात साडूंची सात कार्डं आहेत. सात जन्मांची नव्हेत, याच जन्मातली.

पहिलं कार्ड मिळालं 2004 साली, तेही नेमकं मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात. मी मुलगी पाहायला गेलो होतो आणि मुलीकडचे मला पाहत होते. सासऱ्यांनी (ते तेव्हा अजून व्हायचे होते) विचारलं, "पगार किती?" मी सांगितला. "वर काही?" मी म्हणालो, "वर पंखा आहे." यावर कोणी हसलं नाही. शेजारी बसलेल्या थोरल्या जावयांनी मात्र खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. एका बाजूला इंग्रजी, पाठीमागे मराठी. नावाखाली 'विक्री अधिकारी', आणि कोपऱ्यात ज्वारीचं टपोरं कणीस. उत्तरादाखल मी खिशात हात घातला तर एसटीचं तिकीट निघालं. आमच्या दोघांचं नातं तिथंच ठरून गेलं.

विक्री अधिकारी म्हटलं की इतर गावांत लोकांच्या डोळ्यांसमोर साबण येतो, टूथपेस्ट येते, फार तर औषधं येतात. जालन्यात बियाणं येतं. 'जालना सोने का पालना' ही आमच्या गावाची जुनी म्हण. त्यातलं सोनं कोणी नेलं याची चौकशी आम्ही केव्हाच सोडून दिली. सध्या त्या पाळण्यात लोखंडी सळया, मोसंबी आणि बियाणं असं तिळं झोपलेलं आहे.

त्यातल्या बियाण्याचं बारसं केलं बद्रीनारायण बारवाले यांनी. हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेला हा माणूस पुढे शेतीत रमला. दिल्लीच्या कृषी प्रदर्शनात त्यांना 'पुसा सावनी' नावाची भेंडी भेटली. पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला सहजी दाद न देणारी. तिचं बियाणं त्यांनी इकडे आणून वाढवलं आणि 1964 साली जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे आपली महिको, काढली. 1998 साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, 2001 साली पद्मभूषण. 2017 साली ते गेले.

मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे मला त्या पुरस्कारांपेक्षा त्यामागच्या विक्रीचं नवल वाटतं. विचार करा. पिढ्यान् पिढ्या शेतकरी पीक काढतो, त्यातली चांगली कणसं बाजूला बांधून ठेवतो आणि पुढल्या वर्षी तेच पेरतो. रोख खर्च शून्य. अशा माणसाकडे जाऊन सांगायचं, की बाबा, घरचं राहू दे, माझं विकत घे. बरं, एकदाच नव्हे. पुढल्या वर्षीही माझंच घे, कारण संकरित पिकाचे दाणे राखून पेरलेस तर येणारं पीक धड बापावर जाणार नाही, धड आईवर जाणार नाही. घरात फुकट असलेली वस्तू दर साल पैसे मोजून घ्यायला लावणं ही काय साधी गोष्ट आहे? ती भाषणानं होत नाही. कुणाच्या तरी वावरात चार ओळी घरच्या आणि चार ओळी संकरित शेजारी शेजारी पेरून दाखवाव्या लागतात. शेतकरी त्यावर काही बोलत नाही. बांधावरून बघतो आणि निघून जातो. पुढल्या मिरगाच्या आधी दुकानात येतो तेव्हा कळतं, की त्यानं बघितलं होतं.

आमच्या साडूंची कंपनी ही नव्हे, दुसरी. नाव सांगत नाही, शेवटी नात्याचा प्रश्न आहे.

साडू परभणीच्या कृषी विद्यापीठाचे पदवीधर. 2002 साली नोकरीला लागले. साल मोठं मोक्याचं. त्याच वर्षी 26 मार्चला केंद्राच्या समितीनं बीटी कापसाला परवानगी दिली होती. 450 ग्रॅमचं पाकीट आणि किंमत 1600 रुपयांच्या घरात. माझं घरभाडं तेव्हा त्याहून कमी होतं. गावोगाव शेतकरी एकच विचारायचे, "बीटी हाय का?" साडूंच्या कंपनीकडे बीटी यायला अजून अवकाश होता. साडूंकडे बीटी नव्हतं, मोटारसायकल होती. तिच्यावरून त्यांनी भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर पालथं घातलं. भिंती रंगवून घेतल्या, मारुतीच्या देवळात झोपले, लोकांच्या घरी भाकरी-ठेचा खाल्ला, आणि जे नव्हतं त्याच्या हंगामात जे होतं ते विकून दाखवलं.

कसं, ते त्यांनी मला लग्नानंतर सांगितलं. "भाऊसाहेब," ते म्हणाले (ते मला भाऊसाहेब म्हणतात, मीही त्यांना भाऊसाहेब म्हणतो, त्यामुळे फोनवर आमच्यापैकी कोण बोलतंय ते घरात कोणाला कळत नाही), "साबणाला फेस आला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन भांडतं. आमचं तसं नाही. बियाणं विकायचं जूनमध्ये आणि ते खरं की खोटं हे कळणार दसऱ्याला. मधले चार महिने माणसाकडे काय असतं? पाकिटावरचं चित्र आणि माझं तोंड."

"मग तुम्ही काय करता?"

"निघताना एकच वाक्य सांगतो. काही झालं तर मी आहे."

मला हे वाक्य फार स्वस्त वाटलं होतं. आमच्या बँकेत इतक्या स्वस्तात कोणी सही देत नाही.

दुसऱ्या कार्डावर 'सीनियर' हा शब्द वाढला, मोटारसायकल तीच राहिली. मधल्या काळात त्यांनी पोस्टानं पुस्तकं मागवून एमबीए केलं. त्यातलं एक पुस्तक त्यांनी मला दाखवलं. मार्केटिंगचे चार 'पी' असतात: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. 1960 साली मॅकार्थी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी ते मांडले. आम्हालाही बी. कॉम.ला ते होते. मी ते पाठ करून पाच मार्कांना लिहिले होते. साडूंनी समासात पेन्सिलीनं पाचवा 'प' लिहून ठेवला होता: पाऊस. मॅकार्थीसाहेबांना जालना जिल्ह्यात टेरिटरी मिळाली असती तर त्यांनीही तो पहिल्या नंबरावर घेतला असता.

तिसरं कार्ड 'टेरिटरी मॅनेजर'चं, आणि त्याबरोबर जीप. या कार्डाच्या काळात आमच्या घरी जो प्रकार घडला तो सांगितलाच पाहिजे. जूनचा पहिला आठवडा. साडू आमच्याकडे जेवायला आले होते. हात धुता धुता त्यांचा फोन वाजला आणि ते खुशीत म्हणाले, "लिक्विडेशन जोरात आहे साहेब. पंधरा तारखेपर्यंत आपण पूर्ण लिक्विडेट होऊ!"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. वाचकहो, वाणिज्य पदवीधराला हा शब्द कोणत्या प्रकरणात भेटतो ते तुम्हाला ठाऊक असेल. कंपनी बुडते, लिक्विडेटर येतो, खुर्च्या-टेबलांचा लिलाव होतो, आधी सुरक्षित धनको, मग असुरक्षित, आणि भागधारकांच्या हाती धुपाटणं. त्यावर मी पंधरा मार्कांचं गणित सोडवलेलं होतं. आणि हा माणूस हसतोय! धक्क्यानं माणसं अशी हसतात असं मी ऐकून होतो. मी त्यांना आग्रहानं आणखी एक पोळी वाढायला लावली, म्हटलं पुढे कधी मिळेल न मिळेल.

ते गेल्यावर मी बायकोला सांगितलं. तिनं ताईला फोन केला आणि बोलण्याआधीच रडायला लागली. ते ऐकून, कारण न विचारता, ताईही रडायला लागल्या. रात्री दहा वाजता सासऱ्यांचा मला फोन: "मुदत ठेव मोडायची तर किती नुकसान होईल?" सकाळी साडू स्वतः आले. त्यांनी समजावून सांगितलं, की कंपनीनं दुकानदाराच्या गोदामात माल भरणं म्हणजे 'प्लेसमेंट' आणि तो माल दुकानातून शेतकऱ्याच्या घरी जाणं म्हणजे 'लिक्विडेशन'. उरलेला परत येतो तो 'सेल्स रिटर्न', आणि खरी भीती त्याची. लिक्विडेशन जितकं जास्त तितका आनंद जास्त. "तुमच्या बँकेत जे मरण, ते आमच्याकडे लग्न," ते म्हणाले. तेव्हापासून सासऱ्यांनी माझ्या वाणिज्य शाखेवरचा विश्वास काढून घेतला, तो अजून परत मिळालेला नाही.

चौथं कार्ड 'एरिया मार्केटिंग मॅनेजर', पाचवं 'रीजनल'. चौथ्या कार्डापासून पाठीमागचं मराठी गेलं. पाचव्यावर कणीसही राहिलं नाही. त्याच्या जागी हिरव्या रंगाचा एक गोल फराटा आला, त्याला 'लोगो' म्हणायचं असं मला सांगण्यात आलं. कार्ड मात्र जाड होत गेलं. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मोटारसायकल होती तेव्हा त्यांच्या पँटच्या काठाला काळी माती असायची. जीप आल्यावर ती फक्त बुटाला राहिली. कार आल्यावर ती गाडीतल्या रबरी चटईवर राहिली, आणि विमानात तर काय, सीटखाली माती नेऊच देत नाहीत.

2012-13 च्या दुष्काळात आमच्याकडे मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पाचव्या 'प'नं दगा दिला. बँकेत पीक कर्जाचं 'नवं-जुनं' करायला रांगा लागल्या. नवं-जुनं म्हणजे जुनं कर्ज फिटल्याचं दाखवायचं आणि लगेच नवं उचललं असं लिहायचं. मी रकाने भरत होतो आणि साडू कुठल्याशा पंचतारांकित हॉटेलात पुढल्या वर्षाचं टार्गेट ऐकत होते. टार्गेट पंधरा टक्के वाढवलं होतं. "पाऊस नाही म्हणून सांगितलं का तुम्ही?" मी विचारलं. "सांगितलं," ते म्हणाले, "तर साहेब म्हणाले, पावसाची स्लाइड कुठे आहे?"

ज्या दुकानदारांनी टार्गेट पुरं केलं त्यांना साडू एकदा बँकॉकला घेऊन गेले. आमच्यासाठी त्यांनी तिथून हत्तीचं चुंबक आणलं. ते आमच्या फ्रिजला चिकटलेलं आहे. मी कुटुंबाला तिरुपतीला नेलं होतं, त्याचा लाडू चार दिवसांत संपला; हत्ती मात्र अजून शाबूत आहे. प्रमोशन कशाला म्हणतात ते मला त्या हत्तीनं शिकवलं.

सहावं कार्ड 2018 चं. 'झोनल हेड, मार्केटिंग'. पुण्यात ऑफिस, पुण्यात फ्लॅट, फ्लॅटचा हप्ता, मुलाचा क्लास. आदल्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं आमच्याकडचा कापूस आतून पोखरला होता. साडूंच्या भिंतीवर तिचं रंगीत चित्र आणि खाली आलेख होता. अळी इतकी देखणी दिसते हे मला तिथं कळलं. आमच्या घरी तुलनेचा कळस झाला होता. "दाजींना कंपनीनं सही करायला पेन दिलाय म्हणे," बायको म्हणाली. आमच्या काउंटरवर पेनाला दोरी असते, हे मी तिला सांगितलं नाही.

मग 2020 चा जून आला. आदल्या साली ऑक्टोबरात ऐन काढणीत पाऊस पडून सोयाबीन भिजलं होतं. भिजलेल्या दाण्याची उगवणशक्ती जाते. त्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही. तक्रारींचा ढीग पडला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. साथीचे दिवस होते. आम्ही काउंटरवर प्लॅस्टिकचा पडदा लावून बसत होतो, आणि एक दिवस त्या पडद्यापलीकडे भोकरदनकडचे एक म्हातारबाबा येऊन उभे राहिले. त्यांच्या पीक कर्जाच्या खात्यावर मीच नोंदी करतो.

"सायेब, तुमचे पाव्हणे हायेत ना बियान्याच्या कंपनीत?"

"आहेत. काहून?"

"दोन बॅगा घेतल्या. दोन एकर. एक दाना वर न्हाई आला." मग म्हणाले, "कापसाच्या टायमाला माह्या घरी मुक्कामी व्हते, पाऊस लागला व्हता तवा. जाताना म्हनले, काही झालं तर मी हाये. म्हनून इचारलं. तेंचा फोन लागत न्हाई."

लागणार कसा? त्यांच्याकडे पहिल्या कार्डावरचा नंबर होता. सतरा वर्षं त्यांनी ते कार्ड देव्हाऱ्यात, पंचांगाच्या पानात जपून ठेवलं होतं. तेच त्यांनी पडद्याखालून माझ्याकडे सरकवलं. कणीस पार पुसट झालं होतं.

मी साडूंना फोन केला. ते पहिल्यांदा झोनल हेडसारखं बोलले. पेरणीआधी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला होता का? बियाणं चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं का? तालुका समितीकडे अर्ज दिला का? मी म्हटलं, "भाऊसाहेब, हे सगळं पाकिटावर लिहिलेलं आहे. म्हातारा पाकीट वाचून आलेला नाही, तुमचं कार्ड घेऊन आलाय." पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं लाइन गेली.

रविवारी ते ई-पास काढून गाडीनं आले. मीही गेलो, मागल्या सीटवर, तोंड बांधून. वावरात साडू बूट काढून उतरले, गुडघ्यावर बसले आणि बोटांनी सरीतली माती उकरायला लागले. दाणे निघाले. फुगलेले, मऊ, कुजलेले. एका हाताच्या ओंजळीत त्यांनी ते गोळा केले आणि वर न बघता म्हणाले, "बाबा, पेरणी तुमची बरोबर आहे. बियाणंच खराब होतं."

मी कारकून माणूस. लेखी कबुलीची किंमत मला कळते. ते वाक्य दुसऱ्या दिवशी समितीच्या पंचनाम्यात साडूंच्या सहीनं उतरलं, कंपनीनं दिलेल्या त्याच पेनानं. दुसऱ्या लॉटच्या दोन बॅगा त्यांनी तपासून आणून दिल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाबांची दुबार पेरणी झाली. आजूबाजूच्या सगळ्यांना काही तेवढं मिळालं नाही. ते साडूंना ठाऊक होतं. परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "भाऊसाहेब, वाक्य मी एका माणसाला नव्हतं सांगितलं. गावंच्या गावं आहेत."

पुढे दोन वर्षांनी, 2022 मध्ये, कंपनीत 'रिस्ट्रक्चरिंग' झालं. त्या सहीचा आणि त्याचा संबंध होता की नव्हता ते कोणी सांगितलं नाही. एक ईमेल आली: तुमची भूमिका आता अनावश्यक झाली आहे. वय 45. या वेळी लिक्विडेशन आमच्या पुस्तकातल्या अर्थानं झालं होतं. पण घरात तो शब्द कोणी उच्चारला नाही.

खरं सांगायचं तर मला आनंद व्हायला हवा होता. अठरा वर्षं मी त्या क्षणाची गुपचूप वाट पाहिली होती, असंही म्हणा. आणि झालं काय, तर आमच्या घरात तुलना बंद पडली. भाजी वाढताना कोणी काही बोलेना. दाजींचं नाव निघालं की बायको विषय बदलून गॅसच्या नंबराचं बोलायची. मला भाजी अळणी लागू लागली. ज्याच्याशी हरण्याची इतकी सवय झालेली असते, तो माणूस मैदानातून उठून गेल्यावर आपण नक्की कोणाला हरवलं हे समजत नाही.

साडूंनी पुण्याचा फ्लॅट भाड्यानं दिला आणि ताईंना घेऊन जालन्याला परत आले. काही महिने ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गांधी चमनपर्यंत जाऊन येत. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणत, "मार्केट व्हिजिट."

त्याच सुमारास माझ्यावरही मार्केटिंग येऊन कोसळलं. बँकेत आता आम्हाला विमा विकायचा असतो. महिन्याला अमुक पॉलिसी झाल्याच पाहिजेत. पुढे 2024 च्या करारात तर कारकून हे नावच गेलं आणि आम्ही 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालो. काम तेच, पेनाची दोरी तीच. मी साडूंकडे शिकवणीला गेलो. ते म्हणाले, "भाऊसाहेब, ही पॉलिसी तुम्ही स्वतः काढलीय का?"

"नाही."

"मग विकू नका."

"टार्गेट आहे हो!"

"मग आधी स्वतःची काढा, म्हणजे एक तरी होईल." मी काढली. त्या महिन्यात माझी तेवढीच झाली.

आता सातवं कार्ड. भोकरदनच्या त्याच बाबांच्या गावात पंधरा-वीस शेतकऱ्यांचा एक गट आहे. ते सोयाबीनचं बियाणं स्वतः तयार करतात. सोयाबीन हे काही संकरित पीक नव्हे. चांगलं प्रमाणित बियाणं एकदा आणलं की पुढची दोन वर्षं त्याच पिकातलं निवडून पेरता येतं. ज्या माणसानं वीस वर्षं 'दर साल विकत घ्या' म्हणून सांगितलं, तो आता गावोगाव 'तीन वर्षांतून एकदाच घ्या' म्हणून सांगत फिरतो. असलं मार्केटिंग मॅकार्थीसाहेबांनी ऐकलं असतं तर पुस्तक मिटून ठेवलं असतं. साडूंना त्यात मिळतं किती, तर पहिल्या कार्डाच्या वेळी मिळत होतं त्याच्या आसपास. फ्लॅटचा हप्ता भाड्यातून जातो, मुलाची फी ताईंच्या शिकवण्यांतून. हिशोब ओढून ताणून जुळतो, पण जुळतो. मी दोनदा तपासला आहे.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते अंगणात ओल्या गोणपाटाची गुंडाळी सोडत होते. उगवण चाचणी. शंभर दाणे मोजून ओळीनं मांडायचे, गोणपाट गुंडाळून ओलं ठेवायचं, आठवडाभरानं उघडून किती उगवले ते बघायचं. सत्तर उगवले की बियाणं पास. "भाऊसाहेब, तुम्ही मोजा," ते म्हणाले. "शंभराची गड्डी मोजायचा तुमचा हात बसलेला आहे."

मी बोटाला थुंकी लावायचाच राहिलो होतो. दोनदा मोजले. त्र्याऐंशी.

"मग पिशवीवर त्र्याऐंशी छापायचं!" मी म्हणालो. पॉलिसी विकून विकून माझ्याही अंगात प्रमोशन आलं होतं.

"नाही. सत्तरच छापायचं. वरचे तेरा शेतकऱ्याचे. त्यानं आपले आपण मोजावेत."

मग त्यांनी खिशातून सातवं कार्ड काढून दिलं. पातळ कागद, फक्त मराठी. नाव, मोबाइल नंबर, आणि कोपऱ्यात सोयाबीनची शेंग. हुद्दा कुठेच नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "बाबांना दाखवलं होतं. ते म्हणाले, जागा रिकामी हाय तर कशाला भरता, नंबर तेवढा मोठा छापा." नंबर खरोखरच मोठा आहे, चष्म्याशिवाय वाचता येतो.

घरी येऊन ते मी डब्यात टाकलं. जेवताना बायको म्हणाली, "दाजींचं बरं आहे हो. या वयात पुन्हा उभे राहिले. नाहीतर काही माणसं!" आणि भाजी वाढली.

भाजी उत्तम झाली होती.